धोतरं वाळत घातली आणि विमान परत गेलं

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, असा आमच्याकडचा रिवाज. आता माझं सासर धारूरचा डोंगर उतरल्यावर लागणाऱ्या गावात, पण दिवाळीनंतर ते गावात नसायचंच. सासू, नवरा, भांडीकुंडी, सगळं सासर ऊसतोडीला, उसाच्या फडात. त्या वर्षी मला दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना होता आणि हिशेब सरळ होता: कापूस हाती आला तर आम्ही घरी राहणार, नाही आला तर तोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं आणि मी पौषाच्या थंडीत पाचटाच्या झोपडीत, कोपीत बाळंत होणार. मला त्या कोपीची फार भीती वाटायची. बोलून दाखवत नव्हते एवढंच.

दोन वर्षं पावसानं तोंड फिरवल्यावर त्या साली तो बरा झाला होता. कापूस कमरेएवढा वाढला, बोंडं धरली आणि नेमकी अळी पडली. पाठीवरच्या पंपानं फवारून ती आटोक्यात येईना. मग सोसायटीनं पाच-सहा गावांची रानं एकत्र करून विमान ठरवलं. दवंडी पिटली: उद्या वरून औषध पडणार, जनावरं घरी बांधा, विहिरी झाका, दोन दिवस पाणी काढू नका. पायलटला ओळ कळावी म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना माणसं पांढरा झेंडा घेऊन उभी राहणार होती. विमान एक फेरी मारून गेलं की त्यांनी पावलं मोजून बाजूला सरकायचं.

इथं माझं डोकं चाललं. दोन दिवस पाणी नाही, म्हणजे धुणं उद्या पहाटेच उरकायला हवं! दुष्काळात आम्ही महिना महिना एकच लुगडं अंगावर वागवलेलं. विहिरीला पाणी आल्यापासून धुण्याचा आम्हाला सोसच लागला होता. मी घरोघर सांगत फिरले. दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीवर ही गर्दी. धोतरं, उपरणी, बंड्या, सगळं सोडा घालून पांढरंशुभ्र केलं आणि बांधावर, बाभळींवर, कुंपणाच्या कुपाट्यांवर वाळत घातलं. मग शहाण्यासारख्या विहिरी झाकून आम्ही घरी गेलो.

विमान आलं. गावावरून तीन घिरट्या घातल्या आणि शेजारच्या गावाकडे निघून गेलं. झेंडेवाले हात दुखेस्तोवर काठ्या हलवत राहिले.

दुपारी सोसायटीचे चेअरमन सायकल हाणत मारुतीच्या पारावर आले, गाव गोळा झालं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पायलट म्हनतो, समदं रान पांढरं दिसायलंय, झेंडा कोन्ता अन् धोतर कोन्तं? कुन्या शहान्याचं काम हाय हे?"

एकाही बाईनं माझं नाव घेतलं नाही. मीच पदर सावरून म्हणाले, "माझं."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," सासू सगळ्यांदेखत म्हणाली. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चेअरमन मात्र नरमले. म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी येतो म्हनलाय, शेवटची खेप. पर आता पांढऱ्यावर त्याचा इस्वास न्हाई. रंगीत कायतरी पायजे."

लाल पटके बऱ्याच जणांच्या डोक्यावर होते, पण पटका उतरवून काठीला बांधायचा म्हणजे इज्जत टांगायची. एकही हात डोक्याकडे गेला नाही. मी घरी गेले, ट्रंक उघडली. पंचमीला भावानं आणलेलं लालभडक लुगडं, अजून घडीही मोडलेली नव्हती. टोकं दोन आणि लुगडं एक. मी ते दातात धरून मधोमध फाडायला लागले, काठ काही तुटेना. सासू दारातून बघत होती. ती आली, समोर बसली, दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "वढ."

सकाळी माझा नवरा बायकोचं अर्धं लुगडं काठीला बांधून शेताच्या एका टोकाला उभा. "काहून रं, आज बायकूला काठीवर घिऊन फिरायलास का?" म्हणून दोस्तांनी त्याचा पिच्छा पुरवला. विमान मात्र थेट त्या लुगड्यावर आलं, इतकं खाली की बोंडं हलली. एकेक ओळ धरून सगळं रान फवारलं. नवरा औषधात न्हाऊन घरी आला, डोळे लाल, दोन दिवस डोकं दुखत होतं. नाकाला फडकं बांधा, एवढंही कुणी सांगितलं नव्हतं. आज त्या विषाबद्दल ऐकते तेव्हा अंगावर काटा येतो. त्या दिवशी मात्र मी देवापुढे साखर ठेवली.

कापूस सोळा आणे नाही आला. पण आला. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक मांजरसुंब्याच्या रस्त्यानं उसाकडे निघाला तेव्हा मी शेतात वेचणी करत होते. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

पौषात मुलगी झाली, घरात, माळवदाखाली, शेगडीच्या उबेला. सासूनं तिला जुन्या धडुत्यात गुंडाळलं आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. नवरा उंबऱ्यात उभा होता.

"हिची आत्या फडात झाली," सासू बाळाकडे बघतच बोलली. "आठ दिसाची व्हती. कोपीत लई थंडी, गारठून गेली. तिथंच बांधाला ठिवून आलो."

आपल्याला एक बहीण होती, हे माझ्या नवऱ्याला त्या सकाळी कळलं. तो आत आला आणि आईजवळ खाली बसला. सासूनं मुलगी त्याच्या हातात दिली. "नीट धर," ती म्हणाली. "ही ऱ्हायली."