अमीरबीचा खार

वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. सुलतानपुरात कोणाचं पोट फुगलं की पाय आपसूक अमीरबीच्या दाराकडं वळायचे. लोणारच्या तळ्याचा खार ती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवायची. मोठ्या माणसाला चिमूटभर पाण्यातून दिला की ढेकर येई, आणि अमीरबीचं नाक वर जाई. तोऱ्याचीच बाई! मेहकरच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "त्याले काय समजते? तळं आमचं हाय का त्याचं?"

त्या उन्हाळ्यात शेजारच्या शालूबाईचं तान्हं हगवणीनं पार पिळून निघालं. डोळे खोल गेले, टाळू बसली. अमीरबीनं हुकूम सोडला, "अंगावरचं पाजू नोको. साधं पाणीबी नोको, त्यानंच पोट सुटते. खाराचंच पाणी दे."

शालूबाईनं ऐकलं. लेकरू वाटीवर तुटून पडायचं आणि प्यालं की आणखीच टाहो फोडायचं. अमीरबीचा ओला पदर त्यानं तोंडात धरला, तर तिनं तो ओढून घेतला. "लबाड हायेस बे तू," म्हणून वर हसली! दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि ते गेलं.

लोक म्हणाले, नजर लागली. अमीरबीला कोणी बोल लावला नाही. ती वाटी घेऊन घरी आली. रडून रडून घसा सुकला होता, म्हणून वाटीत उरलेलं पाणी तिनं घटाघटा पिऊन टाकलं. उभ्या गावाला पाजलं, पण लेकरासाठी कालवलेलं असं कडक पाणी तिनं स्वतः कधी चाखलं नव्हतं. जीभ पोळली. मग तांब्यावर तांब्या रिचवला तरी तहान हटेना. पोर काय मागत होतं ते तेव्हा तिला कळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण बोलली मात्र कोणाला नाही.

पुढं शालूबाईला दुसरं लेकरू झालं. त्यालाही जुलाब लागले, तशी ती त्याला घेऊन दारात आली. "मावशी, खार दे. तुह्या हाताले गुण हाय."

"खार नोको. अंगावर पाज त्याले. पाणी पाज, मेहकरले ने."

"मंग तवा काऊन नाही म्हटलं?"

अमीरबीनं मान खाली घातली. "नजर-बिजर काही नव्हती, शालू. तुह्या लेकराले म्या तहानेनं मारलं."

शालूबाई तिथंच उंबऱ्यावर पाठ करून बसली आणि लेकराला पदराखाली घेतलं. लेकरू घटघट पिऊ लागलं. ते ऐकताना अमीरबीला मान वर करता आली नाही.