डिस्कमधले रेडे

मूडबिदरीच्या बसस्टँडमागे फ्लोरिन डिसांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, करारनामे, जे येईल ते बाई टाइप करायच्या. पण जीव सगळा कंबळात, म्हणजे तिथल्या रेड्यांच्या शर्यतींत. चिखलातून रेड्यांच्या जोड्या सुटल्या की साठीच्या या बाई खुर्चीवर उभ्या राहून ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून प्रत्येक जोडीची वेळ, मालक, पळवणारा, रेड्यांची नावं कॉम्प्युटरात भरायच्या. कंबळ समितीच्या वह्या उसन्या आणून मागची वर्षंही त्यांनी भरून काढली होती. सांगितलं कुणीच नव्हतं.

समितीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा अध्यक्षांना विजेत्यांचं पुस्तक काढायची हुक्की आली. वह्या तर वाळवीने फस्त केलेल्या. "बाई, आता तुम्हीच," असं म्हणून ते मोकळे झाले. आणि नेमका त्याच आठवड्यात बाईंच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला.

दुरुस्तीवाल्याने दुसरा बोर्ड बसवला, बाईंच्या दोन्ही जुन्या डिस्क जोडल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

"डिस्क मेल्या. नव्या घ्या," म्हणत त्याने पिशवी उचलली.

बाईंनी पेटीला कान लावला. आत गुरगुर चालू होती.

"जारप्पण्णा, मेलेला माणूस घोरतो का हो?"

जारप्पा पूजारी गोळीबज्यांचा, मैद्याच्या गोल भज्यांचा, पुडा घेऊन नुकतेच आत आले होते. रेड्यांचे मालक. २००४ साली आपलीच जोडी पहिली आली, असं ते आठ वर्षं सांगत होते, आणि बाई आठ वर्षं "छट्" म्हणत होत्या.

"डिस्क उघडा," ते म्हणाले, "म्हणजे तुमचं थोबाड बंद होईल."

बाईंनी बोर्डाच्या सेटिंगचं पान उघडलं. दोन्ही डिस्कची नावं तिथे होती! "बघा, हजेरी लागलीय. फक्त हाक कुणी मारत नाहीये." एकेक ओळ वाचत त्या खाली गेल्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, की हा बोर्ड कॉम्प्युटर नव्या पद्धतीनेच सुरू करणार. बाईंनी जुनी पद्धत निवडली.

पडद्यावर विंडोजचं चिन्ह उमटलं. जारप्पा उठून उभे राहिले. तोच निळा पडदा लखकन चमकला आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चिन्ह, पुन्हा निळं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बाईंना हसू आवरेना.

"तुमच्याच रेड्यांची जात! सुटतात झोकात आणि अर्ध्यातून माघारी!"

"हसा, हसा. डिस्क तुमची आहे."

हसता हसताच बाईंच्या डोक्यात आलं: बोर्ड बदलला, म्हणजे डिस्कशी बोलायची त्याची भाषाही बदलली असणार. बिचाऱ्या डिस्कला जुनीच येते. त्या परत सेटिंगमध्ये शिरल्या. डिस्क जोडायच्या तीन तऱ्हा होत्या. आधीची तऱ्हा त्यांनी हातावर लिहून घेतली आणि सगळ्यात जुनी निवडली.

चिन्ह आलं. थांबलं. आणि पडदाभर चिखल उडवणारा रेडा!

बाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारचा शिंपी कात्री घेऊन धावत आला. दुसरी डिस्क उघडून पाहिली, तीही पहिल्याच दमात उघडली. बाईंनी शिंप्याच्या तोंडात गोळीबजा कोंबला, आणि जारप्पांनी बाईंच्या पाठीवर थाप मारली. मग दोघांनाही एकदम २००४ आठवलं.

बाईंनी फाईल उघडली. पहिला क्रमांक: जारप्पा पूजारी. फरक फक्त सेकंदाच्या चार शतांशांचा.

"मीच लिहिलंय हो! माझ्याच हाताने!" बाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

जारप्पांचा चेहरा मात्र हरवल्यासारखा झाला. "मग आता मी भांडू कशावर?"

"२००७ आहे की. तेव्हा तर तुमचे रेडे उलट्या दिशेने पळाले होते."

"कोण म्हणतं?" जारप्पा उसळले, आणि खुर्ची ओढून बसले.

बाईंनी आधी सगळ्या फाईली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या, मग २००७ उघडलं. पुस्तक छापून आलं, आणि कंबळाच्या दिवशी, रविवारी, ते वाटलं गेलं. दुपारपर्यंत एक प्रत उरली नाही.