पाचवी विकेट

सर्व संबंधितांस कळविण्यात येते, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांनीही जागच्या जागी उभे राहून ऐकावे, की प्रस्तुत लेखकाने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या, डाव्या हाताने एक झेल घेतला. उजव्या हातात बटाटावडा होता. तोही पडला नाही.

या घटनेचं गांभीर्य कळायला आमचं शोकेस बघायला हवं. परळच्या आमच्या दोन खोल्यांत, जिथे इतरांकडे लग्नात मिळालेला टी-सेट असतो, तिथे माझे सत्तावीस सीझन बॉल आहेत. सगळे मुंबईच्या मैदानांवरून जमवलेले. एक माटुंग्याच्या गटारातून काढलाय, एक ओव्हलवरच्या झाडाच्या ढोलीतून, एक आझाद मैदानातल्या माळ्याला सलग तीन रविवार चहा पाजून मिळवलाय. कोणाची शिवण उसवलेली, कोणाचा रंग उडालेला, एकाला कुत्रा चावलेला. पाहुण्यांना मी प्रत्येकाची जन्मकथा सांगतो. पाहुणे हल्ली कमी येतात.

कथा रंगात आली की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "सत्तावीस आहेत, पण यांनी झेललेला एकही नाही हो! सगळे दत्तक!"

हे मला लागायचं, कारण ते खरं होतं. त्यात क्रिकेटची रीतच वाईट. तिकडे अमेरिकेत म्हणे बेसबॉलचा चेंडू प्रेक्षकांत आला की ज्याने पकडला तो सरळ घरी घेऊन जातो. आपल्याकडे झेललात तरी परत फेका, नाहीतर अकरा माणसं कमरेवर हात ठेवून तुमच्याकडे बघत उभी राहतात.

तर त्या रविवारी माहीमचा संघ फलंदाजी करत होता आणि आमचा लालबागचा संघ गोलंदाजी. लालबागच्या या संघामागे मी बावीस वर्षं उन्हातान्हात हिंडलोय. ते हरले की मी रात्री जेवत नाही. शेजारी माझा शाळेपासूनचा गिरगावकर मित्र होता. तिसऱ्याच ओव्हरला माहीमच्या ओपनरने असा सिक्सर ठेवून दिला की चेंडू थेट आमच्याकडे निघाला.

"डोकं सांभाळ!" मित्र ओरडला आणि स्वतः कट्ट्यामागे गेला.

मी डोकं सांभाळलं नाही, हात वर केला. ठाप! हात खांद्यापासून नाहीसा झाल्यासारखा वाटला, पण चेंडू हातात होता. लालभडक, नवाकोरा, माझा.

"काका, बॉल द्या," लालबागचा फील्डर धावत येऊन म्हणाला.

"दोन मिनिटं."

"काका, मॅच चालू आहे!"

शेवटी कॅप्टन आला. तो मला चांगला ओळखतो. "अहो काका, मॅच संपली की घेऊन जा, शब्द देतो. फक्त कोणी पाच विकेट काढल्या तर बॉल त्याचा. आपली रीत तुम्हाला माहीत आहे."

"अर्थात!" मी मोठ्या मनाने म्हणालो. मोठं मन परवडत होतं. आमच्यात गेल्या दोन वर्षांत कोणी पाच काढल्या नव्हत्या.

मग कॅप्टनने आमच्या डावखुऱ्या स्पिनरला बोलावलं. हा बँकेत कारकून, गरीब स्वभावाचा, विकेट मिळाली तरी बॅट्समनची माफी मागितल्यासारखा चेहरा करणारा. त्याने पहिली काढली तेव्हा मी उभा राहून नाचलो. दुसरीला टाळ्या वाजवल्या. तिसरीला मित्राने विचारलं, "टाळ्या कुठे गेल्या तुझ्या?"

"हात सुजलाय."

चौथीला मी खाली बसलो.

माहीमचे नऊ गेले. त्यांना अजून सत्तरेक धावा हव्या होत्या आणि शेवटचा गडी बॅट छत्रीसारखी धरून उभा होता. आमचा विजय ठरलेलाच होता. मला एवढंच हवं होतं की ही एक विकेट दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. रनआउट तर फारच छान.

"तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस रे?" मित्र माझ्याकडे निरखून बघत म्हणाला.

"लालबागच्याच. पण जरा बेताने."

त्या छत्रीवाल्याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू उंच उडून आमच्या बाजूला आला आणि आमच्या समोरच उभ्या असलेल्या फील्डरने तो झेलला. स्पिनरच्या पाच झाल्या. आयुष्यातल्या पहिल्याच. त्याने चेंडू कपाळाला लावला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मग कॅप्टनने कानात काही सांगितलं म्हणून तो कट्ट्यापाशी आला आणि म्हणाला, "काका, आधी तुम्ही धरा." मी धरला. शिवणीवरून बोट फिरवलं, आणि एकाच दिवसात तोच चेंडू दुसऱ्यांदा परत केला. या खेपेला मात्र देताना काही दुखलं नाही. हाताबद्दल मी बोलत नाहीये, तो चार दिवस दुखत होता. बायकोने त्यावर हळद लावली, सूज उलटसुलट बघितली आणि शेजारणीला बोलावून दाखवली. आता पाहुणे आले की माझ्या आधी तीच ही कथा सुरू करते. शोकेसमध्ये अजून सत्तावीसच आहेत, पण दत्तकचा उल्लेख बंद झालाय.

कट्ट्यावरचे लोक मात्र माझ्या झेलाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांना आठवतो तो दुसरा झेल. चेंडू वर गेलेला, फील्डर खाली हात जोडून उभा, सगळं मैदान श्वास रोखून गप्प, आणि त्या शांततेत बावीस वर्षांच्या एकनिष्ठ पाठीराख्याच्या तोंडून, पार पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघालेलं,

"सोड रे! सोड ना, बाबा!"