कासविणीची चौदा वाक्यं

पेन्सिलकाकांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहून घेतली, आणि विधिमंडळाच्या त्या इमारतीत स्वतःचं तोंड कधी उघडलं नाही, जांभईसाठीसुद्धा नाही. लघुलेखकाचं काम तसंच असतं. समितीच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला एक छोटं टेबल, त्यावर वही, चार टोकदार पेन्सिली, आणि त्यामागे एक माणूस. त्याच्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाला जास्त मान, कारण भाषण लांबलं की लोक घड्याळाकडे तरी बघतात. बोलणारा सुसाट सुटो की अडखळत लंगडत जावो, काकांच्या वहीत बारीक रेघा आणि ठिपके पडत जायचे. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. मग आतल्या खोलीत जाऊन त्या कोंबडीच्या पायांची पुन्हा माणसांची भाषा करायची. जे बोलले ते, जसं बोलले तसं. खोकले तर कंसात खोकला, हसले तर कंसात हशा. आपल्या मनाचं अक्षर घालायचं नाही आणि दुसऱ्याच्या तोंडचं गाळायचं नाही, एवढंच त्या धंद्याचं धर्मशास्त्र.

घरी मात्र आवाजाचा सुकाळ होता. काकू परदेशी सिनेमांना आपल्या भाषेतले आवाज द्यायच्या. मोठ्या भूमिका मोठ्या लोकांकडे जायच्या. काकूंच्या वाट्याला ‘तिसरी शेजारीण’, ‘बाजारातली बाई’ आणि ‘दुरून ऐकू येणारी किंकाळी’. किंकाळीत मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा त्यांनी स्वयंपाकघरात सराव केला, तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अनवाणी धावत आले होते. तालमीला टीव्हीवर सिनेमाचा तुकडा लावून समोरचं पात्र काका वाचायचे, आणि दर वेळी मागे पडायचे.

“अहो, ओठ बघा, ओठ! तो बिचारा तोंड मिटून मोकळा झाला, तुम्ही अजून बोलताय.”

“मी शब्द नीट वाचत होतो.”

“शब्द कोणीही वाचतं. तुम्ही लिहायलाच बरे.”

आयुष्यात एकदाच काकूंना नाव घेण्यासारखी भूमिका मिळाली. लहान मुलांचा चित्रपट होता, आणि त्यात एक म्हातारी कासवीण. वाट चुकलेल्या बदकाच्या पिल्लाला ती नदीपर्यंत नेते. एकूण चौदा वाक्यं. त्यातलं शेवटचं, “सावकाश जा, वाट कुठे पळून जात नाही,” हे काकूंनी पुढे घरातही वापरायला काढलं. काका कामावर निघताना बुटाच्या नाड्यांशी झटापट करत असले की आतून कासवीण बोलायची.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मागे फोटो राहिले दोन हजार. मुलीने ते सगळे नीट लावून दिले. आवाज राहिला नाही. काकू फोनवर आवाजाचे निरोप कधीच पाठवायच्या नाहीत. मुलीने कितीदा म्हटलं, तर म्हणायच्या, “आवाजाचं मी मानधन घेते. फुकट हवं तर अक्षर वाचा.” आणि चार शब्द टाइप करून पाठवायच्या. तेव्हा सगळे हसायचे. स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. तिथे आता व्यायामशाळा आहे, आणि जुन्या टेपा भंगारात गेल्या. उरली ती कासवीण.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिनेच तो सिनेमा एका कंपनीच्या ॲपवर शोधून काढला. त्याखाली ठळक बटण होतं: ‘विकत घ्या’. काकांनी घेतला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तीन वाजता काका चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायचे. बाविसाव्या मिनिटाला कासवीण यायची. काकांचा उजवा हात आपोआप गुडघ्यावर चालायला लागायचा. बोट रेघा काढायचं, ठिपके द्यायचं. सवय.

मग एका रविवारी ॲपवर त्या जागी सिनेमाचा चौकोनच नव्हता. काकांना वाटलं, चष्मा. चष्मा पुसला. मग वाटलं, टीव्ही. टीव्ही बंद करून चालू केला. शेवटी फोनवर कंपनीचा निरोप सापडला: ‘काही शीर्षकं आता उपलब्ध नाहीत. पण काळजी नको, नवं मनोरंजन येत आहे!’ दुःखद बातमीखाली उद्गारचिन्ह देणारा माणूस काकांनी सभागृहातही पाहिला नव्हता.

ग्राहक सेवेला फोन लावला. पंचवीस मिनिटं वाद्यसंगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली, आणि फार गोड बोलली.

“सर, तुम्ही चित्रपट विकत घेतला नव्हता. पाहण्याची परवानगी घेतली होती.”

“बटणावर ‘विकत घ्या’ लिहिलं होतं.”

“हो सर. ते बटणाचं नाव आहे.”

फोनवरच्या मुलीला काकांची दया आली असावी. “सर, तुम्हाला कासवं आवडत असतील तर आमच्याकडे कासवांवर छान माहितीपट आहे.”

“ती कासवीण माझी...” एवढं म्हणून काकांनी फोन ठेवला. त्याच दुपारी त्यांनी वही काढली आणि विसरायच्या आत चौदाही वाक्यं उतरवून ठेवली. कुठे थांबली, कुठे श्वास घेतला, कुठे तिला जरासं हसू आलं, सगळं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. शब्द जसेच्या तसे होते. ती नव्हती.

असे पोळलेले लोक पुष्कळ निघाले. ओरड इतकी वाढली की सरकारला कायद्याचा मसुदा काढावा लागला: विकलेला चित्रपट कंपनीला परत घेता येणार नाही, आणि काढलाच तर ग्राहकाला त्याची प्रत द्यावी लागेल. मसुदा नेमका काकांच्या समितीकडे आला. जाहीर सुनावणी ठरली.

“बाबा, तुम्ही नाव द्या. तीन मिनिटं का होईना, बोला,” मुलगी फोनवर म्हणाली.

“सेवानियम आहेत. लघुलेखकाला तोंड नसतं, बाळा.”

“पण प्रत मिळाली तर आई मिळेल ना?”

“मिळेल,” काका म्हणाले. त्या प्रतीच्या कलमाचा क्रमांक त्यांना पाठ होता.

सुनावणीला दोनशे माणसं आली. फोन दारात जमा करून घेतले होते, त्यामुळे हातांचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. एका शिक्षिकेने वर्गासाठी जमवलेले सगळे माहितीपट गायब झाले होते. एक बाई म्हणाली, “माझी मुलगी वसतिगृहात राहते, तर कंपनी म्हणते ती तुमच्या घरातली नाही. तिला मी जन्म दिला तेव्हा कंपनी कुठे होती?” एक ट्रकचालक म्हणाला, “जाहिराती नकोत म्हणून मी जादा पैसे भरले. आता जाहिरातीही येतात आणि पैसेही जातात. म्हणजे चोराने घर धुतलं आणि वर धुलाई मागितली!” तीन मिनिटं झाली की टण्ण घंटा. वाक्य अर्धं असलं तरी टण्ण.

त्यानंतर कंपन्यांच्या संघटनेचा माणूस उठला. बूट आरशासारखे, आवाज मधात बुडवलेला. तो ‘तज्ज्ञ’ म्हणून आला होता, आणि तज्ज्ञांना घंटा नसते. तो चाळीस मिनिटं बोलला. पहिली दहा मिनिटं काकांच्या पाळीत आली; त्यांच्या वहीची पानं भरत गेली, आणि प्रत देणं ग्राहकांच्याच कसं हिताचं नाही हे त्यांनी स्वतःच्या हाताने, एक अक्षर न गाळता लिहून घेतलं.

मग समितीचे एक सदस्य बोलायला उभे राहिले. पुन्हा काकांचीच पाळी होती. सदस्यांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. चौथ्या वाक्याला काकांच्या लक्षात आलं, की हात आपोआप चालतोय. हीच वाक्यं त्यांनी अर्ध्या तासापूर्वी लिहिली होती. तोच क्रम, तेच दाखले. सदस्यांनी कागद आधी वाचलेला नव्हता, हे त्यांच्या वाचण्यावरून कळत होतं. पहिल्यांदा भेटलेल्या पाहुण्यासारखे ते प्रत्येक शब्दाला भेटत होते.

“ग्राहकांचं हित हेच आमचं एकमेव ध्येय आहे,” सदस्य खणखणीत आवाजात म्हणाले. “इथे थोडं थांबून अध्यक्षांकडे आदराने बघावं.”

आणि ते थांबले. आणि त्यांनी अध्यक्षांकडे आदराने बघितलं.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सभागृह असं फुटलं की घंटा ऐकू येईना. “साहेब, आता पाणी प्यावं!” मागून ट्रकचालक ओरडला. संघटनेचा माणूस आपल्या बुटांत काहीतरी शोधत होता. काका हसले नाहीत. त्यांनी वाक्य लिहिलं, आणि पुढे कंसात: हशा. एवढं लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर ट्रकचालकाने त्यांना गाठलं. “काका, लिहिलंत ना ते?”

काकांनी मान हलवली.

“मग झालं! कागदावर आलं म्हणजे पक्कं. भाषण कोणी लिहून दिलंय ते आता सगळ्यांना दिसेल. कुठल्या तोंडाने ते कलम काढतील?”

काका पायीच घरी गेले. खूप दिवसांनी त्यांनी बाहेरच्या खोलीतली खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. काकांसमोर अजून खुर्चीत टेकून बसत नसत.

“काका, दुरुस्तीची चिठ्ठी आलीय. सदस्य म्हणतात, ते वाक्य वगळा.”

“दोनशे माणसांनी ऐकलंय.”

“ऐकलंय. लिहिलंय फक्त तुम्ही.”

“ध्वनिमुद्रण आहे.”

“ते आपल्या पडताळणीपुरतं. पंधरा दिवसांनी पुसतात, तुम्हाला माहीत आहे.” बाईंनी आवाज खाली आणला. “नियमाप्रमाणे सदस्याला स्वतःच्या शब्दांत दुरुस्ती करता येते. मला वरून दोनदा फोन आलाय, काका. आणि तुमच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत.”

काकांनी चिठ्ठी वाचून तिची घडी घातली. नियम खरा होता. तो त्यांनीच बाईंना शिकवला होता.

“ठीक आहे. वाक्य त्यांचं, त्यांनी न्यावं,” काका म्हणाले. “पण हशा त्यांचा नाही.”

“म्हणजे?”

“हशा लोकांचा आहे. सदस्याला आपले शब्द बदलता येतात; लोकांचं हसणं बदलायला नियम नाही. असला तर दाखवा.”

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. दोन पानं चाळली, मिटलं. मग हळूच म्हणाल्या, “नाही.”

अधिकृत कार्यवृत्त छापून आलं. शेहेचाळीसाव्या पानावर होतं: ‘ग्राहकांचं हित हेच आमचं एकमेव ध्येय आहे. (हशा)’

ज्यांनी ते पान पाहिलं ते पोटभर हसले. पण शेहेचाळीसाव्या पानापर्यंत जाणारे लोक जगात किती असतात? एका वर्तमानपत्राने सुनावणीतला किस्सा छापला होता. त्याला विचारणा झाली की असं वाक्य कार्यवृत्तात कुठे आहे, आणि त्याने चौकटीत दिलगिरी छापली. दोन महिन्यांनी कायदा मंजूर झाला. प्रत देण्याचं कलम त्यात नव्हतं. त्याऐवजी असं ठरलं, की ‘विकत घ्या’ या बटणाखाली बारीक अक्षरांत लिहावं: विकत घेणे म्हणजे मर्यादित काळ पाहण्याची परवानगी. चर्चा नऊ मिनिटं चालली. तीही काकांनीच लिहिली, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात.

निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. “दोन शब्द बोला,” सगळ्यांनी आग्रह केला. काका उभे राहिले, म्हणाले, “आभारी आहे,” आणि बसले. लोकांना तो विनोद वाटला. कोणीतरी टाळीही दिली.

पुढे कधीतरी एका रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. ती जवळजवळ ओरडतच होती. “बाबा, आलाय! परत आलाय सिनेमा! कंपनीने सद्भावना म्हणून काही चित्रपट परत दिलेत. मी अजून लावला नाही, आधी तुम्ही बघा. आईला आधी तुम्ही भेटा.”

काकांनी दाढी केली. तीन वाजता चहा घेऊन बसले. पहिली एकवीस मिनिटं त्यांनी पुढे ढकलली नाहीत. वाट पाहायची सवय होती. बाविसाव्या मिनिटाला लव्हाळं हललं, कासविणीने मान बाहेर काढली आणि तोंड उघडलं.

आवाज तरुण होता. गुळगुळीत, स्वच्छ, कुठेही श्वास न अडणारा. सगळे शब्द जागच्या जागी होते. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली: नवीन सुधारित ध्वनी.

काकांनी सिनेमा थांबवला. चहावर साय धरली होती. टीव्हीवर कासवीण अर्धवट उघड्या तोंडाने त्यांच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ते उठले, कपाटातली वही आणली, चष्मा चढवला. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, आणि सिनेमा थोडा मागे नेऊन पुन्हा लावला.

लव्हाळं हललं. काका वाचू लागले.

पहिल्याच वाक्याला मागे पडले. कासविणीने तोंड मिटलं तेव्हा ते निम्म्यावर होते. दुसऱ्याला घाई केली तर श्वास घ्यायचं चुकलं. वहीत श्वासाची खूण होती, त्यांनी ती ओलांडली. सातव्यापर्यंत बदकाचं पिल्लू कासविणीच्या आवाजात बोलत होतं. काका वहीतून मान वर काढत नव्हते, आणि मान वर काढल्याशिवाय ओठ दिसत नव्हते. तरी ते थांबले नाहीत.

चौदाव्या वाक्याला पोहोचेपर्यंत पिल्लू नदीत उतरून पार दिसेनासं झालं होतं. कासवीणही गेली होती. पडद्यावर नुसता ओला काठ होता, आणि काका त्या काठाला, एक अक्षर न गाळता, सांगत होते, “सावकाश जा, वाट कुठे पळून जात नाही.”