साट्यालोट्याचा स्थिरांक

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी मुंबईला मामाकडे राहून इंटर सायन्स करत होते आणि अभ्यासाच्या सुट्टीत मुरबाडला घरी आले होते. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्याआधीच, फाल्गुनात, लग्नं उरकायची असं साटंलोटं बाबांनी ठरवून ठेवलं होतं: शहापूरची मुलगी माझ्या भावाला, तिचा भाऊ मला. पुढे शिकायचं नाही हे त्यात आलंच. मला कोणी विचारलंही नव्हतं. मी चिडून पुस्तकात डोकं खुपसून बसले होते.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. गणित दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. माझ्या कागदावरचे दोन उलटसुलट बाण त्यांना दिसले.

"हे काय गो?"

"शिरक्यातलं आम्ल आणि मद्यार्क एकत्र ठेवले की एक सुगंधी द्रव्य होतं आणि पाणी होतं. त्या दोघांचं परत आम्ल आणि मद्यार्क होतं. दोन्ही चालूच राहतं. तोल कुठे राहतो ते काढायचं, त्याला स्थिरांक म्हणतात."

"म्हणजे साटंलोटंच की!"

बाबांनी पेन्सिल घेतली. साटंलोटं म्हटल्यावर दोन्हीकडे निम्मं निम्मं, हे त्यांनी धरूनच टाकलं. इकडचा गुणाकार, तिकडचा गुणाकार, भागाकार. उत्तर आलं एक. पुस्तकात चार. मास्तरच ते, त्यांनी पुस्तकालाच चूक दिली.

"बाबा, जाण्यायेण्याचा वेग सारखा होतो, वाटा नाही. नवं झालेलं दोन तृतीयांश, जुनं उरलेलं एक तृतीयांश."

त्यांनी पुन्हा मांडलं. चार आले. पडताळून पाहिलं, तरी चारच. "चुकलंच माझं," म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

मी तेवढ्यात बोलून घेतलं. "आपल्या साट्यालोट्यातही वाटा सारखा नाही. दादाला बायको मिळते. माझी परीक्षा जाते."

त्यांचं हसू गेलं. "गणित बरोबर आहे गो. पण शब्द दिलाय."

आई भिंतीशी वाल सोलत होती. "आत्ता पुस्तकाला चूक बोललात नि मागं घेतलंत ना? तसा शब्दपण घ्या मागं. जीव नाय जात."

बाबा दुसऱ्या दिवशी शहापूरला गेले. तुमची मुलगी द्या, आमची मात्र यंदा देता येत नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. त्या लोकांनीही सरळ उत्तर दिलं, मग आमचीही नाही.

दादाने त्या मुलीला जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि त्याला ती मनापासून आवडली होती. हे मला तेव्हा कळलं. मला पोचवायला कल्याणपर्यंत नेहमी तोच यायचा. या खेपेला तो शेतावर निघून गेला आणि माझी ट्रंक बाबांनी उचलली. दादासाठी मला वाईट वाटत होतं. पण मोटार सुरू झाली आणि मला इतका आनंद झाला की बाबांना दिसू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवलं.