तारखेच्या आधीची सुई

"तुमच्या अंगात पुरुष हार्मोन फारच कमी आहे," डॉक्टर म्हणाले, आन मी आधी दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर माझी बायको रुक्मिण बसलेली. तिच्या शेजारी आमच्या गावचं, युसूफ वडगावचं, कुणी बसलंय का, ह्या धास्तीनं मी वाकून बघितलं. रोगाचं भ्या मागून वाटलं. पहिल्यांदा वाटलं ते अब्रूचं.

टेस्टोस्टेरॉन म्हणतात त्याला. दाढी-मिशी, हाडं, ताकद, बायकोची ओढ, समदं त्याच्यावर चालतं. सकाळी उपाशीपोटी दोनदा रक्त तपासलं, कारण एका तपासणीवर हे ठरवत न्हाईत. दोन्ही वेळा आकडा तळालाच. सोळाव्या वर्षी मला गालगुंड झालतं आन सूज खाली वृषणांत उतरलती. तेव्हाच त्या ग्रंथींना मार बसला, आन वय चढलं तसं ते बाहेर आलं, असं डॉक्टर म्हणाले.

माझं वय चव्वेचाळीस. आमी नवराबायको ऊसतोडीला जातो. आमच्यात जोडीलाच 'कोयता' म्हणतात. गडी तोडतो, बाई मोळी बांधती. दवाखान्यात जायच्या आधीच्या हंगामात ते उलटं झालतं. दुपारपर्यंत मी गळून जायचो आन कोयता रुक्मिण घ्यायची. दाढी आठवड्याला दोनदा करावी लागायची, ती महिन्यावर गेली. माझं मन उडालं असं रुक्मिणला वाटायचं. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. तेलातलं औषध, कुल्ल्याच्या मांसात, सावकाश द्यायचं, तीन आठवड्यांतून एकदा. त्याच्याआधी पीएसए केलं, म्हणजे प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीची रक्ततपासणी. हिमॅटोक्रिट केलं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती, रक्त किती दाट हाय ते. घोरता का, ते विचारलं. अजून मूल पाहिजे का, तेबी विचारलं, कारण ह्या औषधानं बीज आटतं. आमची एकच लेक, सोनाली, केजला कॉलेजात शिकती. मी नको म्हणलो.

मग त्यांनी एका गुलाबी कार्डावर स्वतःच्या हातानं लिहून दिलं आन वाचूनबी दाखवलं. "तारखेच्या आधी घ्यायचं नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासायचंच. या औषधानं रक्त दाट होऊ शकतं. पोटरी सुजली, छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच दवाखान्यात जायचं. सुजलेली पोटरी चोळायची नाही."

मी मान डोलावली. बाहेर येऊन रुक्मिणला सांगितलं, "अशक्तपणा हाय. ताकदीची सुई दिली." कार्ड थैलीच्या तळाशी घातलं.

भावांनो, सगळा घोटाळा त्या 'ताकदीची सुई' ह्या नावात झाला. मी तिला दिली ती थाप होती, पण हळूहळू मलाच ती खरी वाटाया लागली. आमच्याकडं तोडीला निघायच्या आधी सगळी टोळी सलाईन लावून घेती. सहा महिने अंग झिजणार, तर आधीच भरून ठेवायचं. सुई टोचली न्हाई तर तो डॉक्टर कसला, असं म्हणणारी आमी माणसं. पहिल्या दोन सुयांनी मला लई बरं वाटलं, पण तिसऱ्या आठवड्यात अंग पुन्हा ढिलं पडायचं. म्हणून टोळी सलाईनला बसली, तेव्हा मीबी माझी सुई टोचून घेतली. तारीख आठ दिवसांवर होती. आठ दिवसांनी काय बिघडतंय!

उसाचा फड कोल्हापूरकडं होता. शेजारच्या गावात एकजण स्वतःच औषध आणून सुया टोचायचा. कागद बघायचा न्हाई, विचारायचा न्हाई. आधी मी दोन आठवड्यांनी जाऊ लागलो, मग दर आठवड्याला. रुक्मिणच्या हातातला कोयता परत माझ्या हातात आला. माझा चुलतभाऊ बापू म्हणायचा, "सर्ज्या, काय खातोस बे? आमालाबी दे की!" मी 'ताकदीची सुई' एवढंच म्हणून हसायचो. लई दिवसांनी कुणी तरी असं बोललं होतं.

तीन महिन्यांची तपासणी आली, मी गेलो न्हाई. दोनदा तर रक्त दिलंय, आता उरलेलं कशाला द्यायचं? रक्त गेलं की ताकद गेली, हे लहानपणापासून ऐकलेलं. तोंड लालबुंद झालतं, डोकं जड, कानात शिट्टी वाजल्यावानी, आंघोळ केली की अंगभर खाज. मी म्हणलो, उन्हाचं असंल.

एका सकाळी डावी पोटरी दुखाया लागली. दहा वाजेपर्यंत ती उजवीच्या दीडपट झाली, कातडी ताणून चकाकत होती. बापूनं मला उसाच्या पाचटावर बसवलं, तेल कोमट करून आणलं. "शीर अवघडली हाय. चोळून मोकळी करतो," म्हणला आन माझा पाय मांडीवर घेतला.

रुक्मिणनं डोक्यावरची मोळी तिथंच टाकली आन पळत आली. "हात लावू नका भाऊजी! चोळायचं न्हाई!"

"तुला काय कळतंय?" मी खेकसलो.

"मला समदं कळतंय. तुमच्या थैलीतल्या कार्डाचा फोटो सोनालीला धाडला, तिनं वाचून दाखवलं. निघायच्या आधीपासून ठावं हाय मला."

बापूनं माझा पाय मांडीवरनं अलगद खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सगळं ठावं होतं. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती गप बसली होती. पुढं दवाखान्यात ती म्हणाली, "माझंबी चुकलं. दर आठवड्याला जाताय हे दिसत होतं, तवाच आडवायला पाहिजे होतं."

टोळीच्या मुकादमाच्या जीपमधून शहरात नेलं. डॉपलर सोनोग्राफी केली, तिच्यात शिरांमधलं रक्त वाहताना दिसतं. माझ्या एका शिरेत ते थांबलं होतं. "डीप व्हेन थ्रॉम्बोसिस," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पायाच्या खोल शिरेत गुठळी. "ही सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. कुणी चोळलं का?"

"न्हाई," रुक्मिण म्हणाली.

"नशीब तुमचं."

हिमॅटोक्रिट अठ्ठावन्न निघालं. चोपन्नाच्या वर गेलं की ही सुई थांबवायची असती, हे मला तिथं कळलं. तीन महिन्यांची तपासणी त्याच्यासाठीच होती.

ते चार दिवस मी इसरणार न्हाई. रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात टोचत होते. मला ठसका लागला तरी वाटायचं, सुटली गुठळी. पाय हलवायचं भ्या, झोपायचं भ्या. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांना तपासणीला नेलं, ते परत आलेच न्हाईत. त्यांचा तांब्या दुपारपर्यंत तिथंच होता. मी रुक्मिणला म्हणलो, सोनालीचं शिक्षण थांबवू नको. ती म्हणाली, "गप बसा. तुमीच शिकवा तिला." आन तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

मग बाई म्हणाल्या, एक पिशवी रक्त काढावं लागंल. मी हात जोडले. "बाई, आहे तेबी काढलं तर मी मरंन."

"सर्जेराव, तुमच्या अंगात रक्त कमी नाही, जास्त झालंय," त्या शांतपणे म्हणाल्या. रक्त काढताना मी डोळे गच्च मिटून घेतले. आता आपण इझणार, असं वाटत होतं. पण संध्याकाळी डोक्याचं जडपण उतरलं.

सुई बंद झाली. कितीतरी महिने अंगात पुन्हा तोच गळाठा, तीच चिडचिड. पण आता सुई नको असं मीच म्हणत होतो. शेवटी अंबाजोगाईचे आमचे पहिले डॉक्टर आन रक्ताचे एक तज्ज्ञ, दोघांनी मिळून ठरवलं. डोस कमी. रक्त पातळ करायची गोळी रोज. रक्ताचा आकडा बघितल्याबिगर पुढची सुई न्हाई. "औषध वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला घाई नडली." आता रुक्मिण आत माझ्या शेजारी बसती. मी इसरलेलं ती सांगती.

तरी भ्या गेलेलं न्हाई. रोज सकाळी रुक्मिण म्हणती, "पाय पुढं करा." तिच्याकडं एक लाल दोरा हाय. आधी उजवी पोटरी मोजती, मग डावी. तेवढा येळ मी तिच्या बोटांवरनं नजर हलवत न्हाई.

ह्या वर्षी मी तोडीला गेलो न्हाई. पण टोळी निघायच्या आधी सगळे सलाईनला बसले, तेव्हा मी भेटायला गेलतो. खोली गच्च भरलेली, दार उघडं. बापू बाही वर करून बसला होता. मला बघून म्हणला, "सर्ज्या, तुझी ती ताकदीची सुई मलाबी सांग की. कमी कमी घेतो."

मी दाराकडं बघितलं. दारात रुक्मिण उभी होती.

"ताकदीची न्हाई ती," मी म्हणलो. "माझ्यात पुरुष हार्मोन कमी हाय, त्याची हाय. ज्याच्यात कमी न्हाई, त्यानं घेऊ नये. मी जास्त घेतली आन मरता मरता वाचलो."

खोलीत कुणी हसलं न्हाई. बापूनं बाही खाली केली आन मला बसायला जागा दिली.

"तुझा पाय कसा हाय आता?" त्यानं हळूच विचारलं.

"हिला इचार," मी म्हणलो. "दोरा हिच्याकडं असतो."