दंडावरची लाल फीत

दिगंबर इचिकावात राहायचा, टोकियोच्या एका विद्यापीठात पीएचडी करायचा आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पगारी सहायक होता. स्वभाव इतका भिडस्त, की दार उघडण्याआधी दाराचीही परवानगी घेईल! आजारपणाची रजा मिळावी म्हणून सहायकांनी १९९४ साली संप पुकारला. संपही जपानी रीतीचा. पहिल्या दिवशी दंडावर लाल फीत लावून मुकाट्याने काम करायचं, दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

"संपाचा हक्क परदेशी माणसालाही आहे," दिगंबर बायकोला म्हणाला.

"आहे ना! पण तुझ्या व्हिसाला जामीन कोण? तुझेच गाइड, ओगावा सर," वीणा म्हणाली. "त्यांनी शिक्का मारला नाही, तर बस पुण्यात हक्क कुरवाळत!"

म्हणून त्याने ठरवलं, फीत लावायची, पण सरांकडे जाताना काढून खिशात ठेवायची. दुपारी व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद घेऊन तो आत गेला, रिवाजाप्रमाणे कमरेत वाकला, आणि वाकल्यावर त्याला स्वतःचाच दंड दिसला. फीत तशीच होती! आता परत फिरायला नाटकातल्यासारखी विंगही नव्हती.

म्हाताऱ्या ओगावांनी चष्म्यावरून पाहिलं. मग शिक्का लाल शाईवर टेकवून कागदावर सावकाश दाबला. उठून त्याच्याजवळ आले, फितीची पिन काढली आणि पुन्हा लावली.

"वाकडी होती, दिगंबर-सान. उद्या येऊ नका. संप आहे ना?"

घरी वीणाने आधी शिक्का पाहिला, मग फीत.

"ही तू लावलेली नाहीस," ती म्हणाली. "तुझी इतकी सरळ कधीच लागत नाही."